साळूबाईच्या मीटरचं कुंकू

एका जंगलात, बाळांनो, वीज आली होती. आकाशातून पडते ती नव्हे, तारेतून येते ती. बिळाबिळांत दिवे लागले आणि दारोदारी मीटर बसले.

प्रत्येक मीटरवर एक बारीक लाल दिवा असे. घरात वीज वापरली की तो लुकलुके. त्याच्या समोर एक सेन्सर चिकटवलेला. तो ही लुकलुक मोजायचा आणि घरातल्या डबीला बिनतारी कळवायचा. डबी ते थेट राजवाड्यात कळवायची. सिंहमहाराजांचा नियम असा, की ज्या घरात नऊ दिवस वीज वापरली गेली नाही ते घर ओसाड समजायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. नियम चांगला होता. नियम चांगलेच असतात, त्यांना त्रास होतो तो घरात राहणाऱ्यांचा.

नदीकाठच्या बिळात साळूबाई नावाची साळिंदर आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. बाई मोठी नेमाची. खंडेनवमीला तिनं विळी पुजली, पाटा पुजला, आणि मग मीटरकडे वळली. सेन्सर अलगद काढला, मीटरला कुंकवाचं चांगलं जाड बोट लावलं आणि सेन्सर होता तसा परत चिकटवला. देवाच्या कामात हात आखडता घेऊ नये. बोट नेमकं लाल दिव्यावर लागलं होतं.

त्या दिवसापासून डबी सांगू लागली, ‘वापर शून्य.’

साळूबाईनं मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या पोपटानं सेल बदलायला सांगितले. तिनं बदलले. मग त्यानं डबी मीटरजवळ न्यायला सांगितली. तिनं नेली. मग सगळं बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं, तेही तिनं सात वेळा केलं. आठव्या फोनला पोपटानं कळवलं, की तुमची तक्रार मिटलेली आहे, समाधान झालं असेल तर एक दाबा.

नवव्या दिवशी दुपारी तपासनीस सांबरसाहेब आले. त्यांच्या मागे गाठोडं घेऊन तरस उभा होता. घर त्याला मिळणार होतं.

साहेबांनी साळूबाईच्या विजेच्या शेगडीवरचा चहा घेतला. तिच्या दिव्याखाली चष्मा पुसला आणि डबी वाचली. मग ते मीटरपाशी गेले. सेन्सरच्या कडेनं कुंकू दिसताच त्यांनी जोडे काढून हात जोडले. कुंकवाला हात कोण लावणार?

‘‘इथं कोणी राहत नाही,’’ ते म्हणाले.

‘‘साहेब, मी राहते. ही पिल्लं राहतात. आत्ता तुम्ही चहा घेतलात तो कुठून आला?’’

‘‘चहा उत्तम होता बाई. पण तो डबीत दिसत नाही.’’

साळूबाईला रडू आलं. दोन्ही पिल्लं याच बिळात जन्मली होती. पण दुसऱ्याच्या हाती घर द्यायचं ते स्वच्छ करून द्यावं, ही तिच्या आईची शिकवण. तिनं रडत रडत केर काढला, जमीन सारवली. मागं अंधार ठेवून जाऊ नये म्हणून घरातला दिवा तसाच चालू राहू दिला. किल्ली तरसाला दिली. तरस आत गेला, मागोमाग साहेबही.

बाहेर आल्यावर तिला मीटर दिसला. कुंकू खाली ओघळलं होतं. हे असं देऊन जाणं बरं दिसत नाही, असं तिला वाटलं. सेन्सर काढून तिनं ओल्या फडक्यानं मीटर लख्ख पुसला आणि सेन्सर परत लावला.

लाल दिवा लुकलुकला. आत डबी जागी झाली, ‘वापर चालू.’

साळूबाई दारात धावली. ‘‘साहेब, आतला दिवा मी लावलाय.’’

साहेबांनी डबीकडे पाहिलं, मग तरसाकडे पाहिलं. ‘‘बाई, तुम्ही नऊ दिवस इथं होतात, तेव्हा शून्य. तरसरावांनी पाऊल टाकलं आणि वापर सुरू. आता तुम्हीच सांगा, घर कुणाचं?’’

तरस हसला. एरवी त्याला हसायला कारण लागत नाही, या वेळी होतं.

तात्पर्य : घर सोडताना ते कधीही स्वच्छ करून देऊ नये.