मुळात इथं काय होतं

"दोरी? कपडे वाळत घालायला?" नॉर्बर्टने हातातला ब्रश खाली ठेवला. "बर्नडेट, हे घर अठ्ठावन सालचं आहे. मुळात इथं दोरी नव्हती."

"मुळात इथं तूही नव्हतास," बर्नडेट म्हणाली आणि ओल्या चादरींची बादली उचलून, गेल्या चार वर्षांसारखी, शेजारच्या ओपलबाईंच्या दोरीकडे चालू लागली. घराच्या डाव्या कोपऱ्यात एवढं रग्गड ऊन, आणि आपण दुसऱ्याच्या दारात!

नॉर्बर्ट निवृत्त दंतवैद्य. जन्मभर किडलेलं कोरून काढायची सवय, ती आता घरावर चालली होती. आधीच्या मालकांनी घातलेला केसाळ गालिचा गेला, खोटं छत गेलं. एकच ध्यास: वसंतात पाम स्प्रिंग्जमधली निवडक जुनी घरं लोकांना दाखवतात, त्यात आपलं घर हवं. घरं निवडणाऱ्या समितीच्या बाई गुरुवारी पाहायला येणार होत्या.

त्याचा सगळा भरवसा जुन्या बाजारात मिळालेल्या, बिल्डरच्या जाहिरातीतल्या एका फोटोवर. दारात ठिपक्यांच्या झग्यातली तरुणी, डावीकडे गाडी उभी करायचं छप्पर, उजवीकडे जाळीदार सिमेंटच्या विटांची भिंत.

"पण आपलं छप्पर उजवीकडे आहे," बर्नडेट म्हणाली.

"नंतर कुणीतरी हलवलंय! सत्तर साली लोक वाट्टेल ते करायचे."

छप्पर काही हलेना, पण भिंत तर बांधता येत होती. ती उजवीकडे उभी राहिली, थेट छपराच्या तोंडावर. गाडी रस्त्यावर आली. वाळवंटातल्या उन्हात स्टिअरिंग असं तापायचं, की बर्नडेट भट्टीतली भांडी काढायचे जाड हातमोजे घालून भाजी आणायला जाऊ लागली. मग फोटोत आहे म्हणून निवडुंग पायवाटेला खेटून आला. पोस्टमनच्या पोटरीत काटा घुसला आणि तो रस्त्यावरूनच पत्रं भिरकावू लागला.

"फोटोत पोस्टमन कुठाय?" नॉर्बर्ट म्हणाला.

गुरुवारी समितीच्या लिंडक्विस्टबाई आल्या आणि त्याच वेळी शेजारी टॅक्सी थांबली. नव्वदीच्या ओपलबाई लेकीकडून परतल्या होत्या. काठी टेकत त्या थेट इकडेच आल्या आणि त्यांनी नॉर्बर्टच्या हातातला फोटो डोळ्यांशी धरला.

"अगंबाई, ही तर मी! आणि हे माझं घर."

"तुमचं?"

"बिल्डर एक घर सुलट बांधायचा, पुढचं उलट. आमच्या छपराची आम्ही मागाहून खोली केली. भिंत बघ, तिथंच आहे." ओपलबाईंनी काठीने आपल्या कुंपणावरची बोगनवेल बाजूला सारली. आत जाळीदार विटा होत्या. "तू आरशात बघून घर दुरुस्त केलंस रे बाबा!"

"चाळीस वर्षं आरशात बघून दात कोरलेस ना, नॉर्बर्ट?" बर्नडेटला हसू आवरेना.

लिंडक्विस्टबाईंनी हळूच फाइल मिटली. नॉर्बर्टचं तोंड इतकंसं झालं. बर्नडेटचं हसू थांबलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ओपलबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग बर्नडेटच्या पायाशी ठेवलेल्या बादलीतल्या ओल्या चादरींकडे पाहिलं.

"तुमच्याकडे ती भिंत झालीच नाही," त्या म्हणाल्या. "बिल्डरच्या विटा संपल्या. डावीकडे पहिल्यापासून दोरी होती. कपड्यांची."

"मूळची दोरी?" लिंडक्विस्टबाईंनी फाइल उघडली. "अख्ख्या वसाहतीत एकही उरलेली नाही हो!"

दुसऱ्याच दिवशी भिंत पाडली गेली. नॉर्बर्टने डावीकडे दोरीचे खांब ओळंबा लावून उभे केले.

वसंतात लोकांनी तिकिटं काढून बर्नडेटच्या चादरी पाहिल्या. एका गृहस्थाने चिमट्यांचे फोटो काढले. "हात लावू नका, मूळची जागा आहे ती," नॉर्बर्ट भारावून सांगत होता.

बर्नडेट लिंबाचं सरबत घेऊन ओपलबाईंकडे गेली. "ओपल, खरं सांगा. तिथं होती का हो दोरी?"

ओपलबाई आपल्या दोरीवर एकुलता एक टॉवेल ऐसपैस पसरत होत्या.

"चार वर्षांनी," त्या म्हणाल्या, "आत्ता कुठं जागा मिळाली बघ मला."