मोटारीचा श्वास कोणी कोंडला?

मी भय्याजी रामटेके. भिलाईच्या कारखान्यात टाइम ऑफिसात हजेरी मांडतो, पण ते पोटासाठी. मेंदूसाठी मी गुप्तहेर आहे. माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि नाक मी कुठेही खुपसू शकतो. मला पाहून गुन्हेगार चळचळा कापत असणार, याची मला खात्री आहे. फक्त अजून एकही भेटलेला नाही.

माझा सहायक चंपत हा माझ्या बायकोचा भाऊ, रेल्वेत गँगमन. तो माझ्याशी बुद्धीने नव्हे, नात्याने बांधला गेला आहे, आणि हे तो रोज बोलून दाखवतो.

प्रकरण एकोणीसशे एकसष्टच्या एप्रिलमधलं. चौदा तारखेला बाबासाहेबांची जयंती. आमच्या कॅम्प-1 या कामगार वस्तीत कृष्णराव मेश्राम म्हणून क्रेन चालवणारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. काम संपवून गावी परतलेल्या एका ठेकेदाराने ती मागे टाकली होती. कृष्णरावांची आई भागीरथा आजी ऐंशीच्या घरात. छप्पन साली दीक्षेसाठी ती आपल्या गावाहून दोन दिवस पायी चालत नागपूरला गेली होती. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. कृष्णरावांनी तिला शब्द दिला होता, "माय, यंदा बाबासाहेबांचा फोटो मोटारीत, अन फोटोच्या बाजूले तू." हा शब्द आजीने साऱ्या कॅम्पला ऐकवला होता.

आणि बारा तारखेला मोटारीचा एअर क्लीनर कृष्णरावांच्या हातात आला. नुसता आला नाही, गंजून दोन तुकड्यांत आला.

एअर क्लीनर म्हणजे इंजिनाचं नाक. हवा आत घ्यायची, धूळ बाहेर ठेवायची. त्या काळात सारं भिलाई खणलं जात होतं. सकाळी घातलेला पांढरा सदरा दुपारी विटकरी व्हायचा. नाकाशिवाय मोटार काढली असती, तर इंजिनाने मिरवणूक संपेपर्यंत अर्धा पाव मुरूम खाल्ला असता.

दुर्गच्या कबाड्याच्या भंगारात या इंजिनावर बसतील असे दोनच एअर क्लीनर निघाले. एक थाळीसारखा चपटा, दुसरा दुधाच्या बरणीसारखा उंच. कबाडी जोडी फोडायला तयार नव्हता, म्हणून दोन्ही आणले. कोणता बसवायचा हे ठरवायला अर्थात मला बोलावलं गेलं. म्हणजे, मी गेलो.

"थाळीवाला लावून पाहू का पहिले?" चंपत म्हणाला.

"चंपत, आपण इंजिनाचं नाक निवडून राह्यलो, जेवण नाही. ज्याची छाती मोठी त्याचा दम मोठा. उंचवाला लावा."

जयंतीच्या सकाळी मोटार फुलांनी सजली. मागच्या सीटवर फोटो, शेजारी पांढऱ्या लुगड्यातली आजी, हातात छत्री. कृष्णरावांनी इंजिन चालू केलं. काय आवाज! लेझीमवाले थांबून ऐकू लागले. मी बॉनेट खाली केलं. ते जरा अडलं, तेव्हा मी त्यावर बसलो आणि कडी लावली. कृष्णरावांनी गिअर टाकला.

मोटार खोकली आणि मेली.

बॉनेट उघडून तपासलं. सगळं जागच्या जागी. पुन्हा चालू केली, मस्त चालली. बॉनेटवर बसलो, कडी लावली, निघालो. मेली. असं चार वेळा झालं. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. हा अपघात नव्हता!

संशयित पहिला: दयाराम. त्याने मिरवणुकीसाठी आपली बैलबंडी रंगवून ठेवली होती आणि मोटारीपुढे तिला कोणी विचारत नव्हतं. मी त्याला बाजूला घेतलं.

"दयाराम, सकाळपासून तू मोटारीजवळ कावून उभा आहे?"

"माह्या घरासमोर हाय ना ते. मी कुठी जाऊ?"

बिनतोड उत्तर. म्हणजे तयारी करून दिलेलं.

"भाऊजी, त्यानं हात बी नाही लावला," चंपत म्हणाला.

"हेच तर! निरपराध माणूस कुतूहलानं एकदा तरी हात लावते."

दयारामने यावर बैलाकडे पाहिलं. बैलाने माझ्याकडे.

संशयित दुसरा: रशिया. आदल्या दिवशी आमच्या कारखान्याच्या उभारणीसाठी आलेला एक रशियन इंजिनिअर कॅम्पातून जाताना बॉनेटमध्ये डोकावून हसला होता. मोटार इंग्रजांची. जगात दोन गट. बाकीचं वर्तमानपत्रात रोज येतच होतं.

"म्हंजे मॉस्कोहून हुकूम आला, का कृष्णरावची मोटार बंद पाडा?" चंपतने विचारलं.

"आवाज कमी कर," मी म्हणालो.

इकडे ऊन चढत होतं. लेझीमवाले सावलीत बसले. कृष्णराव स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. "माय, तू उतर," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फोटो बंडीत ठेवू. तुले बंडीचे दचके नाही सोसणार." आजीने छत्री घट्ट धरली. त्याच क्षणी मला दिसलं की प्रत्येक वेळी, मोटार मेली तेव्हा, आत आजी होती!

मी खिडकीत वाकलो. "आजी, खरं सांगा. मोटार बंद पडते तवा तुमी काय करता?"

"मी काय करीन बापा? तुले पाहून राहतो."

"मले? कावून?"

"दुसरं दिसतेच काय? तू झाकण लावून त्याच्यावर बसतं, अन ते मरते. तू उठून झाकण उघडतं, ते जगते. चुलीचं तोंड दाबलं त जाळ राहीन काय?"

चंपतने बॉनेट उघडलं. बरणीच्या टोपीवर बॉनेटचा रंग लागला होता. टोपी दबून हवेची फट बंद झाली होती. चंपतने बरणी काढली, थाळी बसवली. बॉनेट बोटाने लागलं.

मोटार निघाली. मी फूटबोर्डावर चढलो आणि रस्त्याकडेच्या लोकांना तपासाची पद्धत समजावू लागलो. "या प्रकरणात मी सुरुवातीपासूनच..."

छत्रीचं टोक माझ्या बरगडीत आलं.

"भय्याजी, भाषण राहू दे. नारा दे."

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "जय भीम!" सारा कॅम्प एका गळ्याने उत्तरला. त्या आवाजात इंजिन चालू आहे की बंद, हे माझ्या सशाच्या कानांनाही कळेना. मी खाली पाहिलं. चाकं फिरत होती.