रिसबूडची गणपूर्ती

भारतात दोन माणसांची आणि तरीही नियमानुसार चालणारी समिती एकच आहे. ती नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता भरते. चिटणीस सुधाकर रिसबूड, सभा त्याच्याच घरी. अध्यक्ष मी. बाकी सदस्य नाहीत, आणि रिसबूडच्या मते तीच समितीची ताकद आहे. समितीचा उद्देशही एकच: पाठीला सॅक लावून घराच्या दारातून पायी निघायचं आणि सिंहगड, राजगड, तोरणा करत आठ दिवसांनी रायगडावर पोचायचं. समिती स्थापन होऊन पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यापर्यंत आम्ही या उद्देशाने नारायण पेठ ओलांडली नव्हती.

रिसबूड आणि मी शाळेपासूनचे. नोकरीत त्याने पस्तीस वर्षं एका सहकारी संस्थेच्या सभांची इतिवृत्तं लिहिली. माणूस सुताराच्या घरी राहिला की अंगाला भुसा लागतो, तसं त्याला इतिवृत्त लागलं. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं की म्हणतो, "सूचक मिळाले. अनुमोदक मिळाला नाही."

सभेची सूचना सात पूर्ण दिवस आधी हातात पडली पाहिजे, हा नियम. त्यामुळे दर बुधवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या घराची बेल वाजते. दार मंदा उघडते. मंदा म्हणजे आमची ही.

"वहिनी, सूचना. पोच द्या."

"अहो भाऊजी, आत या ना. चहा टाकते."

"आत्ता नको. आत्ता मी कामावर आहे."

सही घेऊन तो तीन जिने उतरतो. खाली जाऊन, मला वाटतं, कार्यालयीन वेळ संपल्याचं स्वतःलाच जाहीर करतो. पाच मिनिटांनी पुन्हा बेल. "आता घरचा म्हणून आलोय. टाका चहा."

गुरुवारी पाचला दोन मिनिटं कमी असतात तोवर आमचं 'अरे परचुऱ्या, चपला आत घे रे' चाललेलं असतं. पाचाच्या ठोक्याला तो स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतो आणि मी एकदम 'आपण' होतो. एकदा भर सभेत मी विचारलं, "अरे, खारी आहे का?"

"हा विषय विषयपत्रिकेवर नाही, अध्यक्षमहाराज."

"मग ऐनवेळच्या विषयात घे."

"आपल्या परवानगीने घेता येईल."

"दिली परवानगी."

"खारी संपली आहे."

समितीची गणपूर्ती दोन. गणपूर्ती म्हणजे आपला कोरम. पण कोरम म्हटलं की तो ऐकू न आल्यासारखं करतो. दोघांपैकी एक नसला की सभा तहकूब. तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, आणि मग तिला गणपूर्तीची अट नसते. मी एकदा मुलाकडून, हिंजवडीहून, येत होतो. त्या रस्त्यावर गाड्या अशा थांबतात की माणूस निघताना तरुण असतो. मी पोचलो पावणेसहाला. तोवर रिसबूडने एकट्याने चार ठराव मंजूर केले होते. त्यातला तिसरा माझ्या निषेधाचा होता. एकमताने.

मात्र नियम त्याच्या विरुद्ध गेला तरी तो पाळतो. आम्हा दोघांत मतभेद झाला की एक विरुद्ध एक, म्हणजे समसमान मतं. आणि मग अध्यक्षाचं निर्णायक मत. म्हणजे पाच वर्षांत मी एकही मतदान हरलेलो नाही. न्याहारीला पोहे की उपमा हा प्रश्न तीन सभा चालला. उपम्याच्या बाजूने रिसबूडने जे भाषण केलं, ते ऐकून खालच्या मजल्यावरच्यांनी उपमा केला. ठराव पोह्यांचा झाला. त्याने मान तुकवली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'उपमा बहुमताने फेटाळण्यात आला.'

तयारीत म्हणाल तर कसूर नाही. वजनाची सवय व्हावी म्हणून तो सॅकमध्ये बारा किलो ज्वारी भरून पेठांतून हिंडायचा. एके दिवशी सॅक तळाला उसवली. अप्पा बळवंत चौकापासून कबुतरं मागे लागली. अलका चौकापर्यंत शे-दीडशे झाली असतील. मी चारशे सांगतो. हवालदाराने वाहनं थांबवून मिरवणूक जाऊ दिली. रिसबूडला घरी जाऊन सॅक उतरवेपर्यंत पत्ता नव्हता. उलट तो मला म्हणाला, "सराव झाला की वजन जाणवेनासं होतं, बघ."

एवढं असून निघणं काही होईना. दरवर्षी नोव्हेंबर आला की निघायची तारीख ठरवायचा विषय यायचा आणि कुठेतरी अडायचा. पहिल्या वर्षी मार्गावर एकमत नव्हतं. दुसऱ्या वर्षी सूचना अर्धा दिवस उशिरा पोचल्याचं त्याच्याच लक्षात आलं. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात माझी बायपास झाली. डॉक्टरांनी छाती उघडली तेव्हा आत मंदाचे न ऐकलेले सल्ले अडकलेले सापडले, असं मंदाचं म्हणणं. चार महिन्यांत मी ठणठणीत झालो, म्हणजे तसं सगळ्यांना सांगू लागलो, आणि नोव्हेंबरात म्हटलं, "चल, निघू." तर रिसबूडचे गुडघे धरले. चौथ्या वर्षी बरोबर नोव्हेंबरात पुन्हा धरले.

मग मात्र मी त्याला सोडलं नाही. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात मी त्या गुडघ्यांवर महिनाभर बोललो. उजव्याने डाव्याचा पाठिंबा काढला आणि सरकार पडलं. रिसबूड देवाला नमस्कारही उभ्यानेच करतो आणि देवाकडून पोच घेतो. रायगड आता कंटाळून स्वतःच नारायण पेठेकडे निघालाय. लोक हसून हसून कप सांडायचे. रिसबूड शेजारीच बसलेला असायचा. गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचा, "दुखतात खरे."

यंदा मी निर्णायक मत वापरलं आणि जानेवारीतला एक मंगळवार पक्का केला. त्याने मान तुकवली. लिहिताना पेन मात्र दोनदा थांबलं.

मंगळवारी सकाळी सहाला आम्ही आमच्या दारातून निघालो. मंदाने माझ्या गोळ्या माझ्या हातात न देता त्याच्या हातात दिल्या. "भाऊजी, सकाळची निळी डबी, रात्रीची पांढरी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही फक्त चालायचं. बोलायचं कमी."

सिंहगड रस्त्यावर आमच्या सॅक बघून एक रिक्षा हळू झाली. "काका, कुठं सोडू?"

"रायगडावर."

"मीटरने नाही परवडणार," असं म्हणून तो निघून गेला.

चालताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रिसबूडचे गुडघे उत्तम होते. पादचारी पुलाच्या पायऱ्या तो करडासारखा चढला. पण दर वीस मिनिटांनी त्याच्या बुटाची लेस सुटायची. मी म्हणतो ती सुटत नव्हतीच. तो खाली बसायचा, लेस सोडायचा, बांधायचा, वर बघून विचारायचा, "दमलास?" मी म्हणायचो, "तुझ्या लेसला विचार." खडकवासल्यापर्यंत चौदा वेळा हे झालं.

धरणाजवळ पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाणी लखलखत होतं, समोर सिंहगड उभा होता, आणि रस्त्याकडेच्या छपराखाली एक मावशी चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. आमच्या सॅककडे बघून म्हणाल्या, "लई सामान हाय. कुठवर जायाचं?"

"रायगड."

"चालत? आन् घरच्यांनी सोडलं?" असं म्हणून त्यांनी न मागता पिठल्यावर जास्तीचं तेल घातलं.

मी इतका खुशीत होतो की मनातल्या मनात तोरणा उतरत होतो. तेवढ्यात रिसबूडने पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला.

"अध्यक्षमहाराज, तातडीची सभा. विषय एक: मोहीम येथेच यशस्वी झाली असे समजून सदस्यांनी बसने परतावे."

"काय?"

"पन्नास नंबर समोरच थांबते."

"अरे, सूचना कुठाय? सात दिवस कुठायत? पोच कुठाय?"

"तातडीची आहे."

"गुडघे का?"

त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "हो. गुडघे."

मी भडकलो. मावशींच्या देखत त्याला भित्रा म्हटलं, कागदावरचा गिर्यारोहक म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. त्याने शांतपणे हात धुतले, दोघांच्या बाटल्या उचलल्या आणि म्हणाला, "आपलं विरुद्ध मत नोंदवायचं असेल तर वही सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे. मी पाणी भरून आणतो." आणि पलीकडच्या नळाकडे निघून गेला.

वही मी काढली. नोंदवणारच होतो, तेही ठळक. पण कोरं पान शोधताना ती मधेच उघडली. तिसऱ्या वर्षाचा पावसाळा. मी दवाखान्यात होतो ते गुरुवार.

'उपस्थित: चिटणीस. अध्यक्ष रुग्णालयात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने सभा पुन्हा भरली. विषय १: अध्यक्षांची प्रकृती. आज शुद्धीवर आले व परिचारिकेशी भांडले. सभेने समाधान व्यक्त केले.'

पुढचा गुरुवार. 'अध्यक्ष आज खाटेपासून खिडकीपर्यंत चालले. पावले अकरा. मोहिमेचा पहिला टप्पा म्हणून नोंद घ्यावी. विषय २: चहा. सवयीने दोन कप झाला, एक उरला. पुढील सभेपासून एकच करावा.'

त्याच्या पुढचा. 'चहाबाबतचा मागील ठराव रद्द. दोनच करावा.'

अशा सोळा सभा. एकही चुकलेली नाही. मी बरा होऊन पहिल्यांदा आलो, तेव्हा त्याने 'मधल्या काळातली इतिवृत्ते वाचली असे समजून कायम करावीत' असा ठराव मांडला होता. आणि मी खारी खात अनुमोदन दिलं होतं.

मग नोव्हेंबर. 'मोहीम एक वर्ष स्थगित. कारण: अध्यक्षांचे हृदय. जाहीर करावयाचे कारण: चिटणीसांचे गुडघे. खरे कारण कळल्यास अध्यक्ष हट्टाने त्याच दिवशी निघतील, असा सभेचा अनुभव आहे. वहिनींशी बोलणे झाले. वहिनी सहमत.'

चौथ्या वर्षी, एका वेगळ्याच तारखेला, एवढीच ओळ: 'अमृततुल्यात अध्यक्ष आज गुडघ्यांवर फार रंगात आले. आवाज पूर्वीसारखा झाला आहे.'

आणि निघण्याआधीच्या गुरुवारी, माझ्या सहीच्या खाली, मी गेल्यावर लिहिलेली: 'डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली आहे. सभेला मात्र धीर होत नाही.'

मावशी तव्यावरची भाकरी उलटायची थांबून माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं वो? ठसका लागला का?" मी मान हलवली. आयुष्यात मला बोलायला काही सुचलं नाही असे प्रसंग दोन. पहिला लग्नात नाव घेताना.

रिसबूड बाटल्या घेऊन आला. वही माझ्या मांडीवर कोणत्या पानावर उघडी आहे, ते त्याने बघितलं. बाटल्या खाली ठेवल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ती पानं सदस्यांसाठी नाहीत," तो म्हणाला.

"अध्यक्षांसाठी आहेत ना?"

"तसा नियम नाही."

"रिसबूड, बस इथे."

तो बाकावर बसला. समोर पन्नास नंबर आली, थांबली, दोन बायका आणि एक कोंबडी उतरली, आणि बस पुन्हा भरून निघून गेली. त्याने तिच्याकडे बघितलं; मी बघितलं नाही. निर्णायक मत माझ्या हातात होतं. वापरलं असतं तर तो मान तुकवून उठला असता आणि रायगडापर्यंत लेस बांधत आला असता. ते मला नको होतं.

मी स्वेटरची बाही वर केली आणि मनगट त्याच्यासमोर धरलं. "बघ. लेसच्या आडून चोरून बघायचं कारण नाही. तुझी खात्री होईपर्यंत बघ. तू म्हणालास तर बसने जाऊ."

"खरंच?"

"मंदाची शपथ."

त्याने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. ओठ हलायला लागले. धरणावरून वारा येत होता, मावशींच्या चुलीचा धूर आमच्या दोघांच्या डोळ्यांत जात होता, आणि तो मोजत होता. एक मिनिट झालं असेल, दोनही झाली असतील. घड्याळाचा हात खाली आला तरी मनगट त्याने सोडलं नव्हतं.

"किती?" मी विचारलं.

तो गडबडला. "अरे... मोजायचं राहिलंच."

"मग पुन्हा मोज."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी छपराच्या खांबाला पाठ टेकली. आम्हाला घाई नव्हती. रायगड कुठे पळून चालला होता?