टेबल क्रमांक सातचा कोपरा

कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत एक गंभीर बाब उघडकीस आली. टेबल क्रमांक सातच्या उजव्या कोपऱ्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती. जडवस्तू नोंदवहीत या टेबलाची नोंद 'लोखंडी, चार पाय, चार कोपरे' अशी होती. ट्यूबचा उल्लेख कुठेही नव्हता.

टेबल होते कनिष्ठ सहायक उत्कर्ष तायडे याचे. उत्कर्ष रोज शेलूबाजारहून एसटीने तालुक्याच्या या कार्यालयात येई. त्याला जन्मापासून हिमोफिलिया होता. म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक शरीरात जवळजवळ नव्हताच. बत्तीस वर्षांत त्याने या आजाराशी बऱ्यापैकी जुळवून घेतले होते. एक दिवसाआड स्वतःच्या हाताने शिरेत त्या घटकाचे, म्हणजे फॅक्टरचे, इंजेक्शन घ्यायचे, बसमध्ये धक्काबुक्की टाळायची आणि टोकदार कोपऱ्यांना जमेल तिथे ट्यूब बांधायची. इतरांचा गुडघा टेबलाला आपटला तर 'आई गं' म्हणून भागते. उत्कर्षच्या गुडघ्यात आतल्या आत रक्त साचून त्याचे खरबूज होई. उजव्या गुडघ्याचे लहानपणी इतक्यांदा खरबूज झाले होते, की आता सांभाळले नाही तर तो कायमचा आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

कार्यालयप्रमुख मदनसिंग साहेबांनी त्याला बोलावले.

"सरकारी टेबलाले ट्यूब कोनाच्या परवानगीनं बांधली?"

"साहेब, मले हिमोफिलिया हाये. मार लागला का आत रक्त साचते."

"मंग दिसून काहून नाही राह्यलं?"

"आत साचते साहेब."

"आत म्हणजे तपासणीच्या कक्षेबाहेर," साहेब म्हणाले आणि तसे टिपणीत लिहिलेही.

उत्कर्षने दिव्यांग प्रमाणपत्र पुढे ठेवले. त्यावर 'कायमस्वरूपी' असा शेरा होता. साहेबांनी तारीख पाहिली. प्रमाणपत्र दोन वर्षांपूर्वीचे होते.

"हे तवा कायम होतं. आज कायम हाये का नाही, याचा दाखला आना."

उत्कर्षने एक दिवसाची रजा टाकली आणि डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितले, कागदाकडे बघितले आणि 'होय, अजून आहे' असे लिहून सही-शिक्का दिला. दोघेही मनमुराद हसले.

तोवर इकडे ट्यूब सोडवून पुरावा म्हणून पाकिटात सीलबंद झाली होती. उघडा कोपरा चौकशी संपेपर्यंत 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश निघाला होता.

चौथ्या दिवशी व्हायचे तेच झाले. फाईल काढायला उत्कर्ष वळला आणि उजवा गुडघा कोपऱ्यावर आदळला. आत गरम-गरम वाटू लागले होते आणि ती खूण त्याच्या चांगली ओळखीची होती. क्षणभर त्याला फार राग आला, पण रागाने रक्त गोठत नाही हे तो शाळेतच शिकला होता.

"पुंजाजीभाऊ, फ्रीजमधून माही डबी आना. अन् बरफ."

पुंजाजी म्हणजे कार्यालयाचे जुने शिपाई. साहेबांच्या ताकाची बाटली बाजूला सारून त्यांनी डबी आणली. उत्कर्षने औषध कालवले, दंडाला पट्टा बांधला आणि सुई शिरेत घातली. तेवढ्यात गर्दी कसली म्हणून साहेब डोकावले.

सुई दिसताच साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. डोळे फिरले, आणि ते त्याच कोपऱ्यावर गुडघा आदळत खाली बसले.

उत्कर्षने औषध पूर्ण जाऊ दिले, सुई काढली, कापूस दाबून धरला आणि मग आपल्यातला अर्धा बर्फ साहेबांना दिला.

"तायडे, मरतो का बॉ मी?"

"नाही साहेब. तुमचं रक्त गोठते. दोन दिवस काळंनिळं दिसंन, बस."

"दिसंन ना?" साहेबांनी आशेने विचारले.

साहेब आठ दिवस वैद्यकीय रजेवर गेले. उत्कर्षला तीन दिवसांची मिळाली, कारण त्याचे काही दिसत नव्हते.

साहेबही रजेवरून परतल्यावर उत्कर्षने एक अर्ज केला. आजाराचा त्यात चकार शब्द नव्हता. 'टेबल क्रमांक सात हे मा. कार्यालयप्रमुखांस इजा पोहोचवणारे असल्याने त्याच्या चारही कोपऱ्यांस तातडीने रबर बसवावे,' एवढेच लिहिले होते. अर्ज पाऊण तासात मंजूर झाला. रबर नवे कोरे आले, आणि कारणाच्या रकान्यात 'साहेबांचा गुडघा' अशी रीतसर नोंद झाली. पुंजाजींनी ते बसवताना उत्कर्षकडे पाहून हळूच डोळा मारला.

रबर बसले त्या मंगळवारी उत्कर्ष खुशीत साडेपाचच्या गाडीत चढला. गुडघा अजून थोडा ताठ होता. दिव्यांगांसाठी राखीव जागेवर कोणीतरी खिडकीला टेकून बसले होते. उत्कर्षने नम्रपणे कार्ड दाखवले.

"धडधाकट तं दिसता तुमी!" उत्तर आले. "अन् कार्ड काय, आजकाल कोनालेही भेटते."

उत्कर्ष हसला, वरची दांडी धरली आणि शेलूबाजारपर्यंत उभा राहिला. गर्दीमुळे बसलेल्याचा चेहरा आम्हाला नीट दिसला नाही. वाचकहो, तुम्ही त्या दिवशी कुठल्या गाडीत बसला होता?