बेहड्याखालचा पूर्ण संच

एका जंगलात थंडी पडायची. हसू नका बाळांनो, सगळ्याच जंगलांत पडते हे मलाही ठाऊक आहे. पण हे जंगल उंच पठारावर होतं. पौषात तिथे गवतावरचं दव पहाटे गोठायचं आणि पाय ठेवला की करकर वाजायचं.

या जंगलाचा राजा वाघ होता. वाघमहाराज फार प्रजादक्ष. प्रजेला ते स्वतः खायचे, पण बाहेरच्या कोणी येऊन प्रजेला खावं हे त्यांना मुळीच खपत नसे. डोंगरापलीकडे कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, एक टोळी होती. ती भल्या सकाळी हरणांवर धाड घालायची. म्हणून महाराजांनी पठारावरच्या सर्वांत उंच बेहड्याच्या झाडावर टेहळणीची जागा काढली होती. शेंड्यावर बसायचं, चारी दिशांना बघायचं आणि कोळसुंदे दिसले की खॅक खॅक ओरडायचं. ते ऐकलं की हरणं पळून जात.

हे काम ठकूबाई नावाची वानरी करायची. तिच्या आधी तिचा नवरा करायचा. गेल्या पौषात गारठ्याने त्याची बोटं आखडली, फांदी हातातून सुटली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत ठकूबाई त्याच्या जागेवर जाऊन बसली. रडायला तिने दुपारची वेळ ठेवली होती, कारण सकाळी ड्युटी असायची.

यंदा थंडी वाढली तशी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर पडू लागली. चिमटा काढला तरी कळेना. नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं, हे तिला आठवत होतं. ती घाबरली आणि दरबारात गेली.

"महाराज, वर लई गारठा हाय," ती म्हणाली. "बोटांपुरतं कायतरी द्या. न्हाईतर माझा बी हात सुटंल."

महाराजांचे डोळे पाणावले. त्यांनी ताबडतोब काय केलं सांगा बघू? बोटांपुरतं काहीतरी दिलं? तुम्ही अजून लहान आहात. त्यांनी समिती नेमली.

'थंडी निवारण समिती'चे अध्यक्ष झाले अस्वलराव. जंगलात सर्वांत जास्त केस त्यांच्याच अंगावर होते, तेव्हा या विषयातला त्यांचा अधिकार मोठा. सचिव झाला साळिंदर. तो महाराजांचा भांडारपाल होता आणि त्याच्याजवळ सहसा कोणी वाद घालायला जात नसे.

समितीने आधी थंडीची प्रत्यक्ष पाहणी केली. पाहणी दुपारी दोन वाजता झाली, कारण सकाळी समितीला थंडी वाजायची. "थंडी आढळली नाही," साळिंदराने लिहून घेतलं. "तरीही खबरदारी म्हणून साहित्य द्यावं," अस्वलराव उदारपणे म्हणाले.

मग साहित्याचा नमुना आला. जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. अस्वलरावांनी सगळं स्वतःच्या अंगावर चढवलं.

"उबदार आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं काढलं.

"अजूनही उबदार आहे," ते म्हणाले आणि नमुन्यावर सही केली.

साहित्य त्याच मापाचं शिवून आलं. वाटपाचा समारंभ भर दुपारी माळावर झाला. मांडव होता, हार होते, वाघमहाराज होते. ठकूबाईला पूर्ण संच घालून उन्हात उभं केलं होतं. भाषणं दीड तास चालली. तिसऱ्या भाषणात तिला घेरी आली, तेव्हा अस्वलराव माईकवरून म्हणाले, "बघा! साहित्याचा परिणाम दिसू लागला." टाळ्या वाजल्या आणि फोटो निघाले. फोटोत ठकूबाई दिसत नाही, जाकीट मात्र छान आलं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती संच घालून बेहड्याखाली आली. बाह्या जमिनीवर लोळत होत्या. कानटोपी हनुवटीपर्यंत उतरली होती. वानर पायाच्या बोटांनीही फांदी धरतं, हे तुम्हाला माहीत आहे. समितीला माहीत नव्हतं. बूट घालून ठकूबाईने चारदा उडी मारली आणि चारही वेळा ती खोडावरून घसरून खाली आली. शेवटी तिने बूट काढले, टोपी काढली, जाकीट उतरवलं आणि नुसते हातमोजे घालून वर जायला निघाली.

"ठकूबाई!" खालून साळिंदर ओरडला. तो तपासणीला आला होता. "बूट कुठे आहेत?"

"बूट घालून चढता येत न्हाई, सायेब. हातमोजं घातल्यात की."

"सुटे हातमोजे घालता येत नाहीत. संच पूर्ण घालायचा. कलम चार."

"आन् काहीच न्हाई घातलं तर?"

"तर तुम्ही साहित्य नाकारलंत, असं मला लिहावं लागेल. मग हात सुटला तर तो तुमचा तुम्ही सोडला, असा अर्थ होतो."

ठकूबाई अस्वलरावांच्या गुहेत गेली. गुहा छान उबदार होती. अस्वलरावांना नुकतीच डुलकी लागली होती.

"सायेब, येवढं सगळं नको मला," तिने हात जोडले. "एक चिंधी द्या, बोटांना गुंडाळाया. ही दोन बोटं मेली तर मी फांदी कशी धरू?"

"तुम्ही फक्त बोटांचा विचार करता, ठकूबाई," अस्वलराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "आम्हाला संपूर्ण वानराचा विचार करावा लागतो. बरं, अडचण नेमकी काय आहे?"

"संच घालून झाडावर चढता येत न्हाई."

अस्वलरावांनी डोळे मिटले. ते विचार करत आहेत की झोपले आहेत, हे तिला कळेना. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग झाडावर चढूच नका!"

आणि तसा हुकूम निघाला. टेहळणी यापुढे झाडाच्या पायथ्याशी बसून करावी. पायथ्याशी गारठा कमी, पडायचा धोका नाही, आणि पूर्ण संच घालता येतो. एका दगडात तीन पक्षी! साळिंदराने बेहड्याला फलक ठोकला, 'अपघात न झालेले दिवस', आणि त्याखाली तो रोज एक आकडा वाढवू लागला.

ठकूबाई पायथ्याशी बसू लागली. तिथून तिला एक करवंदीची जाळी दिसायची. टोपी वर सरकवली तर जाळी थोडी जास्त दिसायची. मला तिची फार कीव येते बाळांनो, आणि रागही येतो. तिचा नाही, तो कुणाचा ते तुम्ही ओळखा.

नवव्या दिवशी सकाळी हरणांची पाडसं जाळीपलीकडे चरत होती. ठकूबाईच्या डोक्यावरून एक टिटवी भुर्रकन गेली. टिटवी ओरडत असणार, पण कानटोपीतून काही ऐकू येईना. ठकूबाईला ठाऊक होतं, टिटवी उगाच उठत नाही. तिने टोपी भिरकावली, बूट झटकले, जाकिटातून बाहेर उडी घेतली आणि हातमोजे दातांनी ओढून फेकले. मग ती उघड्या हातांनी झाडावर चढली. फांद्यांवर दव गोठलेलं होतं. पण ती थेट शेंड्यापर्यंत गेली.

सात कोळसुंदे ओढ्यातून वाकून येत होते.

ठकूबाई ओरडली. सारं पठार दणाणलं. हरणं उधळली, पाडसं आयांच्या मागे पळाली, आणि कोळसुंदे हात हलवत परत गेले. एकही पाडस गेलं नाही. ठकूबाईने ते डोळे भरून पाहिलं आणि मग तिचा हात सुटला.

ती पडली ती नेमकी जाकीट, टोपी आणि बुटांच्या ढिगावर. बरगड्या दुखावल्या, पण जीव वाचला. ती दोन बोटं मात्र चार दिवसांत काळी पडली आणि गळून गेली.

चौकशी झाली. ती समितीनेच केली, कारण साहित्याची माहिती तिलाच होती. अहवाल असा आला: 'सदर वानरी शेंड्यावरून पडूनही जिवंत राहिली, ती केवळ संरक्षक साहित्यामुळे. साहित्य अत्यंत परिणामकारक आहे. साहित्यावर एक ओरखडाही नाही.' अस्वलरावांना महाराजांच्या हस्ते मानपत्र मिळालं. ठकूबाईलाही कागद मिळाला. साहित्य अंगावर नसताना काम केल्याबद्दलची ती नोटीस होती.

बरगड्या भरल्यावर ती कामावर गेली, तर साळिंदराने तिच्या हातात मोजा चढवून पाहिला.

"दोन बोटं रिकामी राहतात," तो म्हणाला.

"आधी बी सगळी रिकामीच व्हती की, सायेब! तुमचा मोजा माझ्या डोस्क्यायेवढा हाय."

"आधी आत बोट आहे असं धरून चालता येत होतं. आता नाही. संच पूर्ण भरत नाही, म्हणजे तुम्ही कामाला अपात्र."

तिला काढून टाकलं. संच वाया जाऊ नये म्हणून त्यात वाळलं गवत भरलं आणि तो बेहड्याखाली बसवला. जाकीट, टोपी, हातमोजे, बूट, सगळं जिथल्या तिथे. हे नवे टेहळणीदार समितीला फार आवडले. ते कधी कुडकुडत नाहीत, अर्ज करत नाहीत आणि बूट तर काढतच नाहीत.

आणि ठकूबाई? ती आता कर्मचारी नव्हती. त्यामुळे तिला कलम चार लागू नव्हतं. घरटं विणणाऱ्या सुगरण पक्षिणीने सावरीचा कापूस घालून तिला दोन पट्ट्या विणून दिल्या. ठकूबाईने त्या उरलेल्या बोटांना गुंडाळल्या आणि पहिल्यांदाच तिच्या हातांना ऊब मिळाली. पहाटे ती हळूहळू, शेपटीने तोल सावरत, पुन्हा शेंड्यावर जाऊन बसू लागली.

"आता कशाला गं जीव घालवतेस?" एका हरिणीने विचारलं. "तुला कोण विचारतंय?"

"खाली तुमची पोरं चरत्यात न्हवं," ठकूबाई म्हणाली आणि ओढ्याकडे बघत राहिली.

त्या हिवाळ्यात कोळसुंदे आणखी पाच वेळा आले आणि पाचही वेळा उपाशी परत गेले. संक्रांतीला मोठा समारंभ झाला. गवत भरलेल्या जाकिटाला उत्कृष्ट टेहळणीदार म्हणून शाल पांघरण्यात आली. वरून खॅक खॅक असा आवाज येतो आणि त्यामुळे समारंभात व्यत्यय येतो, अशी तक्रार मात्र साळिंदराने नोंदवून ठेवली आहे.

तात्पर्य: साहित्य कामगाराचं रक्षण करत नसेल, तर कामगाराने साहित्याचं रक्षण करावं, आणि ज्याला खरोखर ऊब हवी असेल, त्याने आधी नोकरीवरून निघून जावं.