सोडलेल्या श्वासाचा फोटो

गेणूमामा माणसं चेहऱ्यानं ओळखत नसत, आतून ओळखत. नगरच्या बाजारात एखादे गृहस्थ समोर आले की मामा क्षणभर कोरे बघत. मग नजर त्यांच्या कमरेकडं जाई आणि मामा खुलत. "आरं, तुमी व्हय! डाव्या मूत्रपिंडातला मुगाचा दाना! पडला का?" गृहस्थांसोबत व्याही असले तरी आवाज तोच.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास एका लहानशा रुग्णालयात मामा क्ष-किरणांचे फोटो काढत आणि मी शेजारच्या खोलीत नोंदी लिही. मूतखडे ते कडधान्यात सांगत : मूग, तूर, हरभरा. पोटाच्या फोटोआधी पाजायचं बेरियमचं पांढरं, घट्ट पाणी कुणी नाकारलं, की स्वतः घोट घेत आणि पांढऱ्या मिशीनं म्हणत, "झ्याक हाय. साखर तेवढी इसरली."

गेल्या महिन्यात मामा गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मी एकाच दिवसापाशी थांबतो.

घोडेगावची एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. "शेंगा खाताना हसली अन् ठसका लागला. तवापास्नं छातीत शिट्टी वाजती." डॉक्टरांनी फोटो पाहिला. साफ होता. "कफ आहे. औषध देतो, घरी न्या."

"साहेब," मामा दारातून म्हणाले, "शेंगदाना फोटोत दिसत न्हाई. हा फोटो श्वास घेतल्याला हाय. सोडल्याला काढू द्या."

"मामा, तुम्ही फोटो काढा. निदान मी करतो."

"दाना अडकला आसंल तर त्या बाजूची हवा बाहेर येनार न्हाई. फुफ्फुस फुगल्यालंच ऱ्हाईल."

"आणि चुकलात तर?"

"तर मी खराखुरा मामा!"

डॉक्टर हसले, आणि त्या हसण्यात परवानगी निघाली.

पण तीन वर्षांच्या पोरीला श्वास सोड म्हणून कोण सांगणार? मामांनी मलाच बटणापाशी उभं केलं. "भाऊसाहेब, मी आत्ता म्हनलो की दाबा." शिशाचा जड झगा घालून ते मुलीसमोर उकिडवे बसले आणि शिंकायला लागले. पहिल्या शिंकेला टोपी पडली. दुसऱ्या शिंकेला ते स्वतः पडले. मुलगी खुदकन हसली, मग खळखळून हसली, हसता हसता छाती पार रिकामी झाली.

"आत्ता!"

मी दाबलं. 

फिल्म वाळायचीही त्यांना सवड नव्हती. पाणी गळत असलेली फिल्म उंच धरून मामा व्हरांड्यातून पळत सुटले. "सरकलं! साहेब, काळीज सरकलं!" बाकावरचे रोगी घाबरून उभे राहिले. डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. उजवं फुफ्फुस तसंच फुगलेलं होतं आणि त्यानं हृदय डावीकडं लोटलं होतं. त्यांनी लगेच पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी लिहिली आणि स्वतःची जीप दिली.

मग बरेच दिवस काहीच कळलं नाही. मामा आरोळ्या द्यायचे थांबले. रोज टपालाची वेळ झाली की माझ्या दाराशी उभे राहत. एकदा म्हणाले, "आमच्याकडं मानूस येतो, फोटो हुतो, जातो. म्होरं काय झालं, कोन सांगतंय?"

घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. शेळी घ्यायची म्हणे. एका खोलीत एकटा राहणारा हा माणूस चहासुद्धा कोरा पीत असे. संध्याकाळी खरोखरच शेळी घेऊन परतले.

"मुलगी दिसली?" मी विचारलं.

"दिसली की! हसन्यावरनं वळखली. वासरामागं पळत हुती. बाजाराच्या ह्या टोकापास्नं त्या टोकाला. येकदा बी थांबली न्हाई, भाऊसाहेब!"

"मग बोललात का?"

"छ्या! दवाखान्याचा मानूस बघून आई घाबरली आसती, परत काय झालं म्हनून." त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "शेळीवाल्याशी घासाघीस करत हुबा ऱ्हायलो. पोरीच्या चार फेऱ्या झाल्या. तवर त्यानं भाव निम्म्यावर आनला. मग न्हाई म्हनायची लाज वाटली."