मधे बसलेले बाबाजान

मिरजगावच्या त्या गल्लीत सकाळचं ऊन एकदम येत नसे. आधी ते समोरच्या पत्र्याच्या कडेवर थबके, मग शेजारच्या कडूबाईंच्या भिंतीवरून हळूच खाली उतरे, वाटेत वाळत घातलेल्या गाद्यांच्या खोळी किंचित पिवळ्या करी आणि शेवटी, घाई नसलेल्या पाहुण्यासारखं, फैयाजच्या दारातल्या पायरीवर येऊन टेके. त्या पायरीवर दोन माणसं बसतील एवढीच जागा होती. फैयाज एका कडेला बसे, कपातला अर्धा चहा बशीत ओती, बशी शेजारी ठेवी आणि कपातला पिई. चहा फार गरम असतो म्हणून, असं तो स्वतःला सांगे.

त्याच्या बायकोला, अल्मासला, इंग्लंडला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिथल्या एका इस्पितळात ती नर्स होती, आणि नवऱ्याला बोलावून घेण्याचा अर्जही तिनंच भरला होता. "माझं काही अडलेलं नाही," कापूस पिंजता पिंजता फैयाज गिऱ्हाइकांना सांगे, "ती हट्ट करते, म्हणून जायचं."

तिथल्या व्हिसाच्या कचेरीनं एवढंच मागितलं होतं, की ही दोघं खरोखर नवरा-बायको म्हणून नांदत होती याचा पुरावा द्या. फोटो, आणि ओळखीच्यांची लेखी साक्ष.

निकाहात पुरुषांचा मांडव वेगळा आणि बायकांचा वेगळा. त्या अल्बमात नवरा आणि नवरी एका पानावरही एकत्र आली नव्हती. नंतरच्या ईदेचे फोटो होते. पण वडीलधाऱ्यांसमोर जोडप्यानं शेजारी बसायचं नाही, ही घरची रीत. त्यामुळे प्रत्येक फोटोत डावीकडे फैयाज, उजवीकडे अल्मास आणि मधे, टोपी सरळ करून बसलेले त्याचे वडील बाबाजान.

"अब्बा, सगळ्या फोटोंत मधे तुम्हीच आहात."

"मग बरंच हाय की! सायबाला कळंल, घर खानदानी हाय."

गोरक्ष फोटोवाल्यानं उपाय काढला. "चाचांना कॉम्प्युटरवर उडवतो, अन् तुमाला सरकवतो." त्यानं उडवलं, पण अल्मासच्या खांद्यापाशी बाबाजानांच्या हाताची चार बोटं तेवढी उरली. बाबाजानांनी ती ओळखली.

"बापाला उडवून बायकूजवळ सरकतूस व्हय रं? फाड त्यो! साक्ष मीच देतो. बाप हाय मी."

ते कर्जतला गेले आणि स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आले. 'माझा मुलगा व सून अत्यंत मर्यादेने राहिले. त्यांना एकमेकांशी बोलताना मी कधीही पाहिले नाही. शेजारी बसलेले तर मुळीच पाहिले नाही.' आणखी जोर यावा म्हणून दोन चुलत भावांकडूनही त्यांनी हेच लिहून घेतलं. फैयाजनं वाचलं, पण वडिलांच्या शब्दाला खोड काढायची कशी? त्यानं मान खाली घालून तिन्ही कागद पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी अल्मासचा फोन आला.

"अहो, काय पाठवलंत? कचेरी म्हणते, तुमच्या सासऱ्यांनीच शपथेवर सांगितलंय, ही दोघं कधी बोललीच नाहीत!"

"अब्बांनी तारीफ केलीय तुझी."

"तारीफ राहू द्या. चौदा दिवस दिलेत, शेवटचे. नवी साक्ष नाही आली तर अर्ज रद्द." मग तिचा आवाज उतरला. "तुम्हाला यायचंय ना?"

"बघू," फैयाज म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी पायरीवर बसून तो विचार करत होता, आपल्याला एकत्र पाहिलंय तरी कुणी? तेवढ्यात भिंतीवरून कडूबाईंचं डोकं वर आलं.

"म्या बघितलंय की. रोज!"

"काय बघितलंत, मावशी?"

"तुजा बाप पहाटं नमाजाला गेला, की तुमी दोघं हितं. एकच कपबशी. कप तुजा, बशी तिची. अन् बडबड तर इतकी, की माजी म्हैस पान्हा चोरायची. घे लिहून, अंगठा देते."

फैयाज कागद घेऊन आला आणि लाजत लाजत लिहू लागला. कडूबाई भिंतीला रेलून सांगत होत्या.

"आता शेवटचं लिही. बाई जाऊन दोन वर्सं झाली, तरी ह्यो रोज बशी भरून शेजारी ठिवतो. गार झाली, साय धरली, की वतून देतो."

पेन थांबला. "मावशी, हे काढू या. चहा गरम असतो, म्हणून मी…"

"खोटं आसंल तर लिहू नगं. पर मंग माजा अंगठाबी न्हाई."

आतून खोकल्याचा आवाज आला. बाबाजान कधीचे दाराआड उभे होते.

"लिही रं. म्हातारी खरं बोलती."

"अब्बा? पण तुम्ही तर शपथेवर…"

"मी कुठं खोटं लिवलं? बघितलं न्हाईच म्या. बघाया लागू नये म्हनूनच तर नमाज झाल्यावर ऊन येईस्तवर मशिदीच्या भायेर बसायचो. मशिदीला तवा कुलूप लागल्यालं आसायचं. थंडीत गुडघे गेले माजे."

"आगं बया!" कडूबाई म्हणाल्या. "अन् म्या म्हनायची, लई देवभोळा मानूस!"

ऊन पायरीपर्यंत आलं होतं. शेजारच्या बशीवर साय धरली होती आणि तिच्या कडेनं एक मुंगी सावकाश फिरत होती. फैयाजनं कागद गुडघ्यावर सरळ केला आणि कडूबाईंचं शेवटचं वाक्य, त्यांनी सांगितलं तसंच, लिहून काढलं.

चहा कधीच तेवढा गरम नव्हता. त्याला अल्मासवाचून करमत नव्हतं.